तारीखरावांची मावशी

ही गोष्ट खरी मानायला कुणीच तयार होत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही; ज्यांच्या डोळ्यांदेखत ती घडली तेसुद्धा हल्ली विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात. जी बाई कधी जन्मालाच आली नाही तिच्यासाठी एका कंपनीत खुर्ची राखून ठेवलेली होती, तिच्या वाढदिवसाला केक कापला होता, आणि ती नाराज आहे एवढ्या बातमीवर एक अख्खा विभाग तोंड पाडून बसला होता. असं सांगितलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या चष्म्याची काच तपासतो. तपासू दे बापडा. काच स्वच्छ आहे.

गोष्ट तारीखरावांची. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदावर आणि सासुरवाडीत तेवढं उरलं होतं. कंपनीत ते प्रोजेक्ट मॅनेजर होते. काय करायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं आणि कधी होणार ते तारीखरावांनी बघायचं, असा त्यांचा संसार. त्यांनी दिलेली तारीख चुकल्याचं कुणाला आठवत नाही. चौकातलं मोठं घड्याळ बंद पडलं तर दुरुस्तीवाला शिडीवर बसून राहायचा, तारीखराव ऑफिसला जाताना दिसले की मगच काटे लावायचा. त्यांची मुलगीसुद्धा भिंतीवरच्या तक्त्यात आखलेल्या दिवशीच जन्माला आली. ती सकाळीच आली, दुपारी यायची होती. तेव्हा यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की मग मधल्या वेळेचं काय योजलंय. बायकोने ते अजून माफ केलेलं नाही.

अशा माणसाने सुखासुखी काम बदलायचं काही कारण नव्हतं. कारण घरातच होतं. म्हणजे घरात नव्हतं, हीच अडचण होती.

तारीखरावांची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. इकडे राहायला ये म्हटलं की सुनेला म्हणायची, "तुमच्याकडे सगळं वेळेवर असतं गं, मला धाप लागते." शिवणकामावर घर चालवलेली बाई. अख्ख्या वस्तीची मापं तिला तोंडपाठ होती, कुणाचा डावा खांदा उतरता आहे हे तिला त्याच्या बायकोआधी ठाऊक असायचं. आणि थापा मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका गिऱ्हाईकाचं पोट एवढं मोठं होतं म्हणे, की टेप संपली आणि तिला हातात खडू घेऊन त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालावी लागली. अर्ध्यात दम लागला म्हणून ती मध्ये चहाला बसली.

या बाईला रक्तदाबाची गोळी लक्षात राहीनाशी झाली. कधी घ्यायची राहायची, कधी दोनदा घेतली जायची. एका सकाळी शेजारणीला जळक्या दुधाचा वास आला, आणि आत जाऊन बघते तो ही स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळी वेळेवर गेली तर काही होणार नाही, आणि नाही गेली तर पुढच्या वेळी शेजारीण उशिरा पोचेल. आईने हे सगळं भिंतीकडे तोंड करून ऐकलं. डॉक्टर गेल्यावर तिने मुलाचं मनगट धरलं आणि शपथ घातली, मी विसरते हे चारचौघांत बोलायचं नाही. फरशी ओली होती सांग, पाय घसरला सांग, काय वाटेल ते सांग. जिला सगळ्या वस्तीची मापं पाठ, ती विसरते, हे कुणाच्या कानावर जाता कामा नये.

तारीखरावांनी शब्द दिला. दिलेला शब्द ते तारखेसारखाच पाळायचे.

त्याच सुमारास कंपनीने बोलणारा डबा करायचं ठरवलं. गोळ्यांचा डबा, त्याला वारांचे सात खण, आणि वेळ झाली की तो स्वतः बोलून आठवण करणार. त्यासाठी प्रॉडक्ट ओनर, म्हणजे डब्यात काय असावं ते ठरवणारा माणूस, हवा होता. तारीखरावांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि त्यांना ते मिळालं. घरी आल्यावर बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "अहो, तुम्हाला 'कधी' येतं. 'काय' येतं का?"

ते म्हणाले, "आईला डबा मिळेल."

मागचा दरवाजा मात्र बंद झाला होता. त्यांची जुनी खुर्ची त्यांनीच शिकवून तयार केलेल्या माणसाला मिळाली होती, आणि तो ती रिकामी करेल अशी चिन्हं नव्हती. त्याने दुसऱ्याच दिवशी तिची उंची बदलून घेतली. नव्या जागी तारीखराव सहा महिने परीक्षेवर होते. डबा बाजारात गेला तर पक्के, नाही तर रामराम.

ओनर म्हणजे मालक. मालकी अशी की स्वतःच्या बसायच्या जागेसाठीसुद्धा त्यांना अर्ज करावा लागला.

टीमची खोली लांबट होती. एका भिंतीला पांढरा फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्यांचं रान, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, आणि त्या झाडाला कुणीतरी इमानेइतबारे पाणी घालायचं. तारीखराव पहिल्याच दिवशी डब्याच्या एकूण एक गुणांचा तक्ता घेऊन आले, प्रत्येक गुणासमोर तारीख. टीमने तो पाहुण्याने आणलेल्या अल्बमसारखा कौतुकाने बघितला आणि परत दिला. त्यांनी समजावून सांगितलं की इथे तारखा आम्ही ठरवतो. तुम्ही ठरवायचं काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नाही करायचं. आणि प्रत्येक काम माणसाच्या गोष्टीसारखं लिहून आणायचं. कुणाला हवंय, काय हवंय, कशासाठी हवंय. याला युजर स्टोरी म्हणतात. माणूस नसेल तर काम होणार नाही.

टीममध्ये डब्याच्या चाचण्या घेणारी एक मुलगी होती. सूर्य पूर्वेला उगवला असं सांगितलं तर आपण कुठून बघताय असं विचारणारी, म्हणून तिला सगळे शंकाबाई म्हणायचे. तिने तक्त्यावरच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "सर, हे कुणाला हवंय?"

तारीखरावांच्या ओठांवर 'आईला' आलं होतं. मनगट आठवलं. शब्द गिळला, पण तोंड तर उघडलेलं होतं, त्यातून काहीतरी बाहेर पडणं भाग होतं.

"माझी एक मावशी आहे," ते म्हणाले.

त्यांच्या आईला बहीण नव्हती. पण हे त्या खोलीत कुणाला ठाऊक?

मावशी कुठे राहते, हात थरथरतात का, चष्मा आहे का, असं टीमने विचारलं आणि तारीखराव सांगत गेले. चष्मा आहे, दोरीने गळ्यात अडकवलेला. गुडघा कुरकुरतो. बोलायला फटकळ. विसरत मात्र अजिबात नाही, लक्षात सगळं राहतं, डबा आपला हौस म्हणून हवाय. हे शेवटचं त्यांनी का जोडलं ते त्यांचं त्यांना माहीत. संध्याकाळपर्यंत चित्रं काढणाऱ्या मुलीने मावशीचं रंगीत चित्र काढून फळ्याच्या वर लावलं. गळ्यात दोरीचा चष्मा, एक भुवई वर. तारीखराव घरी जाताना त्या चित्राकडे बघून दचकले, कारण भुवई हुबेहूब आईची होती.

पुढे मात्र हाल सुरू झाले. जुन्या कामात लोक त्यांच्याकडे घाबरत यायचे. आता हक्काने यायला लागले. विक्रीवाले साहेब आले, डब्याने गाणी म्हणावीत. दुरुस्ती खात्याकडून निरोप आला, डब्याने स्वतःचं दुखणं स्वतः सांगावं. कँटीनमध्ये रांगेत उभं असताना मागचा माणूस खांद्यावर टिचकी मारून सुचवायचा की डबा अंधारात चमकला तर काय बहार येईल. तारीखरावांना नाही म्हणता यायचं नाही. आयुष्यभर त्यांनी कुठल्याच मागणीला नाही म्हटलं नव्हतं, फक्त तारीख दिली होती. ते इथेही तारीख द्यायचे. सहा महिन्यांत करायच्या कामांची रास एवढी वाढली की टीमने हिशेब केला, तारीखरावांची नातवंडं निवृत्त झाली तरी ती संपली नसती. फळा पुरेना म्हणून चिठ्ठ्या खिडकीच्या काचेवर गेल्या आणि खोलीत दिवसाही दिवा लावावा लागला.

एकदा विक्रीवाले साहेब गाण्यांसाठी हटूनच बसले. तारीखरावांच्या तोंडातून आपोआप निघालं, "मावशी नको म्हणाली."

साहेब थांबले. भिंतीवरच्या भुवईकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, मावशीच नको म्हणत असतील तर राहू दे.

त्या दिवशी तारीखरावांना कळलं की आपल्याला जे जमत नाही ते हिला जमतं. मग काय, मावशी बोलायला लागली. अंधारात चमकणं मावशीला भुताटकी वाटलं. डब्याने स्वतःचं दुखणं सांगावं हे तिला पटलं नाही, घरात एक कण्हणारं पुरे म्हणाली. लोक हसायचे, मान डोलवायचे आणि ऐकायचे. खोलीतल्या चिठ्ठ्या भराभर उतरल्या, काचेतून उजेड यायला लागला. वरच्या मजल्यावर तारीखरावांच्या ठाम निर्णयांची वाखाणणी व्हायला लागली. निर्णय त्यांचा एकही नव्हता. मालकीण ती होती, हे तिचे निरोपे.

आणि अशी माणसं एकदा घरात शिरली की कुणाची राहत नाहीत. हिशेब खात्यातला एकजण सांगायला लागला की मावशी आपल्याशी फोनवर बोलली. विक्रीवाले म्हणाले, त्या माझ्या शेजाऱ्यांच्या ओळखीच्या निघाल्या. गुडघ्यासाठी कुणीतरी लोकरीची पट्टी विणून दिली. तारीखरावांनी ती घरी नेऊन कपाटात मागे सरकवली. वाढदिवस विचारला तेव्हा घाईत त्यांनी जी तारीख सांगितली त्या दिवशी केक आला आणि मावशीच्या वाटणीचा तुकडा तारीखरावांना डब्यात घालून दिला. तो त्यांनी बसथांब्यावर उभ्याने खाल्ला. एकदा त्यांनी तिला लांबच्या भाचीकडे राहायला पाठवून द्यायचा प्रयत्न केला. टीमने लगेच भाचीकडे डबा पाठवायला पत्ता मागितला. मग आजारी पाडून बघितलं, तर मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या संचालकबाईंनी, स्वतः खाली येऊन कंपनीचे डॉक्टर पाठवू का विचारलं. तारीखरावांनी तिला तासाभरात खडखडीत बरी केली.

सर्वांत जास्त जीव लावला तो शंकाबाईने. कशावरच विश्वास न ठेवणारी ती पोरगी मावशीवर मात्र ठेवायची. सकाळी आल्या आल्या विचारायची, "सर, आज काय म्हणाली मावशी?"

तारीखरावांकडे उत्तर असायचं, कारण ते रोज सकाळी आईला फोन करायचे. डब्याचे पहिले नमुने हातात आले त्याच दिवशी ते एक घेऊन तीन जिने चढले होते. ठरलेली तारीख होती, चुकवायची नव्हती. डब्याच्या तळाला बॅटरीखाली प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी असायची. ती ओढून काढली की बॅटरी लागणार आणि डबा बोलता होणार. ते सांगत होते तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. आई म्हणाली, "जा रे सोन्या, ओढते मी. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते फोनवर बोलत बोलत जिना उतरले आणि खाली पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या तक्त्यात खूण करून टाकली: डबा पोचला. पोचला म्हणजे झालं, असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता.

तेव्हापासून फोनवर रोज नवी बातमी. आज डबा जरा बसक्या आवाजात बोलला रे बाबा, गारठ्याचा परिणाम असेल. आज म्हणाला उठा, मी म्हटलं तू आधी उठ. आज फार तुटक बोलला, काही माया म्हणून नाही. गोळी घेतलीस ना, विचारलं की म्हणायची, त्याने सोडली तर ना. तारीखराव हसायचे. आईचा स्वभाव त्यांना माहीत होता, मीठमसाला लावल्याशिवाय तिला पाणीसुद्धा गिळता यायचं नाही. पण मसाल्याखाली भाजी आहे याबद्दल त्यांना संशय नव्हता. हीच बातमी ते मावशीच्या नावाने टीमला द्यायचे. आवाज बसका आहे म्हटल्यावर टीमने आवाज गोड केला. तुटक बोलतो म्हटल्यावर एक मायेचं वाक्य वाढवलं. डबा दिवसेंदिवस सुधारत गेला.

बायको एकदा म्हणाली होती, फोनवर काय विचारता, एकदा जाऊन बघून या. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात आणखी पुढचा आठवडा होता.

मग पट्टीवरून वाद झाला. साचा पक्का व्हायच्या थोडं आधी शंकाबाई म्हणाली की ही पट्टी दिसतच नाही, म्हाताऱ्या माणसाला ती सापडायची नाही, हिला लाल रंग द्या आणि लांब करा. रास्त म्हणणं होतं. पण साचा बदलला असता तर तारीख गेली असती. तारीख म्हटल्यावर तारीखरावांच्या आतला जुना माणूस खडबडून जागा झाला. त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बघत सांगितलं, "मावशीला तर पट्टी लगेच सापडली."

शंकाबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी फळ्यावरून काढली आणि चुरगाळली. मावशी म्हणतेय तर असेल, म्हणाली. तारीखरावांना वाईट वाटलं नाही. इतक्या थापांमध्ये ही एकच तर खरी होती. मावशी नसेना का, आईने पट्टी ओढलीच होती, डबा बोलत होता, गोळी पोटात जात होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ते एवढ्या एकाच खुंटीला लटकायचे.

परीक्षेचे महिने संपत आले. डब्यावर शेवटची सही मोठ्या बाईंची. त्यांनी निरोप धाडला, मला तक्ते नकोत, आकडे नकोत, मावशींना घेऊन या. त्यांच्या हातात डबा बघितला की मी सही करते.

तारीखरावांनी त्या दिवशी जेवण टाळलं. बायकोला सगळं सांगितलं; ती पोट धरून हसली आणि डोळे पुसत म्हणाली, खरं सांगून टाका. ते म्हणाले, खरं सांगायचं तर आईचं सांगावं लागेल. आणि आईचं नाही सांगायचं, तर मग मी सहा महिने कुणासाठी डबा करत होतो?

ते तीन जिने चढून आईकडे गेले. पावलं स्वतःहून चालली नव्हती, कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखी पडत होती. आई मशीनवर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि विचारलं की या मावशीला विसरायला होतं का. नाही, ते म्हणाले, सगळं लक्षात असतं. आईचा चेहरा उजळला. "मग येते की. एवढ्याने तुझी खुर्ची टिकत असेल तर मी तुझी आत्यासुद्धा होईन."

डबा घेऊन ये, असं त्यांनी बजावलं. डबा मशीनच्या खणात होता. तिने तो त्यांना बघू न देता पर्समध्ये टाकला आणि चटकन चेन ओढली. त्यांना ते दिसलं. दिसलं आणि त्यांनी त्याचा काहीच अर्थ लावला नाही.

सभेच्या खोलीत मावशीची राखीव खुर्ची टेबलाच्या टोकाला होती, पाठीला उशी. ठेवणीतले कपडे घालून, गळ्यात दोरीचा चष्मा अडकवून आई आत आली तेव्हा सगळे उभे राहिले. चित्र काढणाऱ्या मुलीने डोळ्यांना रुमाल लावला. हिशेब खात्यातला तो माणूस पुढे येऊन म्हणाला, फोनवरचा आवाज अगदी असाच होता. विक्रीवाले साहेबांनी शेजाऱ्यांची खुशाली सांगितली, आईनेही त्यांची उलट चौकशी केली, धाकट्याचं लग्न झालं का विचारलं. तारीखराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांना काही करायचं नव्हतं, काही करता येणारही नव्हतं. गाडी उतारावर सुटली होती, आणि तिचा ब्रेक कुठे असतो हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी पेनचं टोपण काढून ठेवलं आणि मावशींना विचारलं, डब्याने काय फरक पडला.

आईने चष्मा लावला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "आता हे कुणी खरं मानणार नाही."

आणि सुरू झाली. डबा पहिल्या दिवशी लाजून हळू बोलायचा, मग धीट झाला. आता तिच्याआधी उठतो. एकदा ती गाढ झोपली तर एवढा ओरडला की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपली गोळी घेतली. एकदा तिने मुद्दाम दोनदा गोळी घ्यायचं नाटक केलं, तर त्याने झाकण असं दाबून धरलं की बोटं सुटेनात. घरात बोलायला कुणी नसतं हो, ती म्हणाली, हा सकाळी एक वाक्य बोलतो, दिवस त्याच्यावर निघतो.

हे शेवटचं वाक्य ती सावकाश बोलली. तारीखरावांच्या डोळ्यांपुढे तिची खोली आली, मशीन, खिडकी, रिकामी दुसरी खुर्ची. रोजच्या फोनवर तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढला.

तेवढ्यात टेबलावर मांडलेले सगळे नमुने एकदम बोलले. सकाळच्या गोळीची वेळ सगळ्यांत एकच लावलेली होती. गोड, मायेच्या, सुधारलेल्या आवाजात सगळ्यांनी मिळून सांगितलं की गोळीची वेळ झाली आहे, पाणी घ्या, सावकाश गिळा.

आईच्या पर्समधून काही आवाज आला नाही.

सगळ्यांनी पर्सकडे बघितलं. आईची पापणी लवली नाही. "माझा चारचौघांत लाजतो," ती म्हणाली, आणि खोली हसली. मोठ्या बाईही हसल्या. तारीखराव हसायला गेले आणि अर्ध्यावर थांबले, कारण त्यांची नजर तिच्या हातांवर गेली होती. दोन्ही हातांनी तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता, दवाखान्यात त्यांचं मनगट धरलं होतं तसा.

शंकाबाई उठली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, काळजी होती. बॅटरी संपली असेल, ती म्हणाली, म्हणजे मावशीची आजची गोळी राहिली. द्या मावशी, मी बघते. आई म्हणाली, राहू दे गं बाळा, घरी जाऊन बघू. पण शंकाबाई तोवर तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिने इतक्या मायेने हात पुढे केला होता की नाही म्हणणं अवघड होतं. नाही म्हणणं त्या घरात कुणालाच जमत नव्हतं. आईने पर्स उघडली.

डबा हातात घेताच तो खुळखुळला. शंकाबाईने झाकण उघडलं. सोमवारच्या खणात पांढरी बटणं होती, मंगळवारच्या खणात काळी. बुधवारी शर्टाची, गुरुवारी कोटाची. कुठेही गोळी नव्हती. रविवारच्या खणात हुक होते, लहानमोठे वेगळे केलेले.

तारीखरावांना वाटलं की आता पुढे व्हावं, डबा काढून घ्यावा, काहीतरी बोलावं, मावशी म्हणाली होती असं काहीतरी. तोंड उघडलं. त्यातून काही निघालं नाही. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि फळ्यावरच्या चित्रातली ती वर चढलेली भुवई तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

शंकाबाईने डबा उलटा केला. तळाशी नख घालून तिने काहीतरी चाचपलं, उजेडाकडे धरून बघितलं, पुन्हा चाचपलं. मग तिने वर बघितलं. तारीखरावांकडे नाही, मोठ्या बाईंकडे नाही, खुर्चीत बसलेल्या बाईकडे. आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, पट्टी अजून आतच आहे. हा डबा एकदाही बोललेला नाही."